रेगनपासून सुरू करू नका: अमेरिकेतलं कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारण नकाशे घेऊन कसं वाचायचं

सगळ्यात आधी रेगनला बाजूला ठेवा. मी सुरुवात तिथूनच केली होती, म्हणजे १९८० मध्ये रिपब्लिकन रेगन निवडून आला, टॅक्स कमी केले, रशियाला दम दिला, झालं कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचं राज्य, असं डोक्यात पक्कं बसलेलं, आणि मग दोन महिने कशाचा कशाला मेळ लागेना. हा माणूस हॉलिवूडमधला, पहिलं लग्न मोडलेला, समोर डेमोक्रॅट कार्टर म्हणजे चर्चमध्ये संडे स्कूल शिकवणारा बॅप्टिस्ट, तरी चर्चवाले रेगनच्या मागे? टॅक्स नको म्हणणारे आणि गर्भपात नको म्हणणारे एका तंबूत कसे? आणि दक्षिणेतली राज्यं, जिथे यादवी युद्धानंतर रिपब्लिकन म्हणजे जवळपास शिवी होती, ती इकडे आलीच कशी? हे सगळं १९८० च्या आधी घडलेलं आहे, आणि सुरुवात एका सपशेल पराभवापासून होते. म्हणून खाली सांगतोय ती पद्धत हरलेल्यांच्या नकाशापासून सुरू होते.

सामान काय लागेल तर १९६४, १९६८, १९७२, १९७६ आणि १९८० या पाच अध्यक्षीय निवडणुकांचे राज्यवार नकाशे, एक कोरा कागद आणि पेन्सिल. पेनाने करू नका, खोडावं लागणार आहे. नकाशे पाच टॅबमध्ये उघडलेत तरी चालतं पण शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, एक बंद करून दुसरा बघितला की गंमत जाते.

नकाशा उघडल्यावर पहिले रंग तपासा. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे हे आपल्याला आज जन्मापासूनचं वाटतं, पण ते पक्कं झालं २००० च्या निवडणुकीनंतर. १९८० च्या रात्री एनबीसी चॅनलने रेगनची राज्यं निळी दाखवली होती! त्यामुळे जुन्या न्यूजचा स्क्रीनशॉट हाती लागला तर खालची रंगसूची बघितल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. मी एकदा आख्खा नकाशा उलटा वाचलाय आणि वर त्यावरून ऐटीत वाद पण घातलाय, सोडा तो विषय.

दुसरं शब्दांचं. कॉन्झर्व्हेटिव्हला आपल्याकडे डिक्शनरीत पुराणमतवादी असं लिहिलेलं असतं, ते इथे डोक्यातून काढा, कारण या मंडळींतले निम्मे लोक खुल्या बाजाराचे भक्त, आणि बाजाराइतकं जुनं मोडणारं दुसरं काही नाही. आणि पार्टीचं नाव म्हणजे विचार असंही धरू नका. १९६० च्या आसपास दोन्ही पार्ट्यांत दोन्ही प्रकारचे लोक होते, न्यूयॉर्कचा गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर रिपब्लिकन आणि चांगलाच लिबरल, तर साउथ कॅरोलायनाचा सिनेटर स्ट्रॉम थरमंड डेमोक्रॅट आणि गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याचा कट्टर समर्थक. वंशावरून भेदभावाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ ने पास झाला, त्या २७ विरोधकांत रिपब्लिकन फक्त ६. बाकी २१ डेमोक्रॅट. हे आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागतील, कारण त्या सहांतल्या एकाचं नाव होतं बॅरी गोल्डवॉटर, त्याच वर्षीचा रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार.

आता १९६४ चा नकाशा घ्या. डेमोक्रॅट लिंडन जॉन्सन ४८६ इलेक्टोरल मतं (राज्य जिंकलं की मिळणारी, यांवरच प्रेसिडेंट ठरतो), गोल्डवॉटर ५२. लोकांची मतं म्हणाल तर जॉन्सनला ६१ टक्के. याला निवडणूक म्हणत नाहीत, धुलाई म्हणतात. पण नजर जॉन्सनवर ठेवू नका, गोल्डवॉटरने जिंकलेली सहा राज्यं बघा. ॲरिझोना त्याचं स्वतःचं राज्य, ते सोडून द्या. उरली पाच: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. जॉर्जियाने तोवर कधी म्हणजे कधीच रिपब्लिकन उमेदवाराला राज्य दिलं नव्हतं. आणि मिसिसिपीत गोल्डवॉटरला किती, तर ८७ टक्के.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा की हे ८७ टक्के नेमके कोणाचे. मिसिसिपीत काळ्या लोकांची संख्या प्रचंड, पण त्यांना मतदार यादीत नावच घालू देत नव्हते, मतदान हक्क कायदा आला ऑगस्ट १९६५ मध्ये, म्हणजे या निवडणुकीनंतर. तर हे ८७ टक्के जवळपास सगळे गोऱ्या मतदारांचे. टक्केवारी दिसली की मत कोणाला देता येत होतं हे आधी बघायचं, ही सवय एकदा लागली ना की अर्धी चर्चा तिथेच स्वच्छ होते.

नागरी हक्क कायद्याला विरोध करताना गोल्डवॉटर स्वतः काय म्हणत होता तेही लिहा, कारण ते टाळून पुढे गेलात तर एकतर त्याचे भक्त व्हाल नाहीतर नुसते शिव्या देणारे. त्याचं म्हणणं, खासगी धंद्याने कोणाला नोकरी द्यावी किंवा हॉटेलात कोणाला घ्यावं यात केंद्र सरकारने पडायचा अधिकार घटनेत नाही. तत्त्वाची गोष्ट म्हणून सांगत होता. आणि ती तत्त्वाची गोष्ट सगळ्यात जास्त कोणाला आवडली ते नकाशा सांगतोच आहे. कागदावर दोन्ही लिहा, एक खोडून दुसरं ठेवू नका, या सगळ्या इतिहासात या दोन ओळी एकमेकींना चिकटूनच चालतात.

आता नकाशात न दिसणारं काम, आणि माझ्या मते खरा माल इथे आहे. हरल्यावर काय उरलं? पहिलं म्हणजे एक मासिक. विल्यम बकली नावाच्या श्रीमंत घरातल्या, तिशीही न गाठलेल्या पोराने १९५५ मध्ये नॅशनल रिव्ह्यू सुरू केलं होतं. मग १९६० मध्ये त्याच्याच घरी, कनेटिकटमधल्या शॅरन गावी, कॉलेजची पोरंपोरी जमली आणि यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम ही संघटना निघाली. त्याच सुमारास जॉन बर्च सोसायटी पण वाढत होती, तिचा संस्थापक रॉबर्ट वेल्च याचं मत असं की प्रेसिडेंट आयझेनहॉवर हाच कम्युनिस्टांचा हस्तक. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती, कम्युनिस्ट! बकलीने १९६२ मध्ये वेल्चला जाहीरपणे झाडलं. आपल्यातले येडे कोण हे ठरवायची ही खटपट लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक दशकात ती परत परत होते आणि दर वेळी जमतेच असं नाही.

दुसरी उरलेली गोष्ट म्हणजे पत्ते. शब्दशः घरचे पत्ते. रिचर्ड व्हिगेरी नावाचा एक तरुण, त्याच्या लक्षात आलं की कायद्याप्रमाणे ५० डॉलर किंवा जास्त देणग्या देणाऱ्यांची नावं वॉशिंग्टनला हाऊसच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) क्लार्कच्या ऑफिसात जमा होतात आणि ती कोणीही बघू शकतं. मग काय, हा तिथे बसून गोल्डवॉटरच्या देणगीदारांची नावं हाताने उतरवून काढायला लागला, नंतर त्या उतरवायच्या कामाला बायका लावल्या, आणि साडेबारा हजारांच्या आसपास नावं जमली. त्यातून डायरेक्ट मेलचा धंदा उभा राहिला. पद्धत अशी की पत्रात पहिल्याच ओळीत भीती घालायची, मग पंधरा वीस डॉलरची किरकोळ रक्कम मागायची, जो एकदा देतो त्याला पुढचं पत्र, आणि पहिल्या फेरीत पोस्टेजचा खर्चसुद्धा निघाला नाही तरी हरकत नाही कारण तुमच्या हातात यादी आलेली असते. टीव्ही आणि मोठे पेपर विचारत नव्हते त्या काळात हे लोक थेट लोकांच्या लेटरबॉक्समधून आत शिरले. भाषणं वाचायला मजा येते हे खरंय, पण या चळवळीचा अभ्यास करताना एक भाषण वाचलंत तर एक यादी पण शोधा, पैसा कुठून आला आणि पत्ते कोणाकडे होते ते.

भाषणाचं निघालंच आहे तर २७ ऑक्टोबर १९६४ ला गोल्डवॉटरसाठी टीव्हीवर एक नट बोलला आणि उमेदवारापेक्षा तोच भाव खाऊन गेला, तो रेगन. दोन वर्षांनी तो जवळपास १० लाख मतांच्या फरकाने कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर. आता त्याला आत येऊ द्या.

१९६८ चा नकाशा. इथे तीन रंग आहेत. रिपब्लिकन निक्सन ३०१, डेमोक्रॅट हंफ्री १९१, आणि गोऱ्या-काळ्यांना वेगळंच ठेवा म्हणणारा अलाबामाचा जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पार्टीकडून ४६. गोल्डवॉटरची पाच दक्षिणी राज्यं बोटाने धरा आणि इथे बघा. त्यातली चार वॉलेसकडे, वर आर्कान्सा पण त्याच्याकडेच. पाचवं साउथ कॅरोलायना मात्र निक्सनकडे. का? तोच थरमंड. १९६४ मध्ये तो डेमोक्रॅट पार्टी सोडून रिपब्लिकन झाला होता आणि १९६८ ला निक्सनसाठी दक्षिणेत जीव तोडून फिरला. एका राज्याचा रंग, एका माणसाची उडी, याहून स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलं नाही.

इथे सगळे एक चूक करतात, मी पण केली: निक्सनचे ४३ टक्के आणि वॉलेसचे साडेतेरा टक्के एकत्र करून म्हणायचं, बघा ५७ टक्के अमेरिका उजवीकडे गेली. असं नसतं हो. उत्तरेत कारखान्यांतले युनियनवाले कामगार वॉलेसकडे झुकलेले होते आणि त्यातले बरेच शेवटच्या आठवड्यांत हंफ्रीकडे परत गेले. बेरीज कच्ची ठेवा, म्हणूनच पेन्सिल म्हटलं.

१९७२ पटकन उरका. निक्सन ४९ राज्यं, डेमोक्रॅट मॅकगव्हर्नला मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी. पण याला कॉन्झर्व्हेटिव्ह विजय म्हणू नका कारण निक्सनने पर्यावरण खातं नव्याने सुरू केलं, १९७१ मध्ये भाव आणि पगार गोठवले, चीनला जाऊन माओला भेटून आला, बकलीची मंडळी त्याच्यावर भडकलेली होती. आणि १९७६ ला तर चक्क उलटं, जॉर्जियाचा कार्टर उभा राहिला आणि जुन्या दक्षिणेतलं व्हर्जिनिया सोडून सगळं परत डेमोक्रॅट. तर ही काही एका दिशेने चढत गेलेली रेष नाही, हा पुढे-मागे होणारा झोका आहे, आणि जो कोणी तुम्हाला सांगेल की १९६४ नंतर दक्षिण एका झटक्यात फिरली त्याला हा १९७६ चा नकाशा दाखवा.

त्याच १९७६ ला रिपब्लिकन पार्टीत रेगनने पदावर असलेल्या प्रेसिडेंटला, म्हणजे फोर्डला, आव्हान दिलं आणि कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात ११८७ विरुद्ध १०७० अशा फरकाने हरला. परत हरणं. या मंडळींनी हरण्यातून जेवढं कमावलं तेवढं जिंकून कमावलं का, मला शंका आहे.

आता सत्तरच्या दशकातली तीन भांडणं घ्या. ही नकाशावर दिसत नाहीत, म्हणून कागदावर तीन चौकोन काढा.

पहिला चौकोन, घरपट्टी. कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या आणि तिथे टॅक्स घराच्या त्या वेळच्या किमतीवर. स्वतः आकडेमोड करून बघा, समजा घर ४० हजार डॉलरचं आणि टॅक्स अडीच टक्के धरला तर वर्षाला १००० डॉलर. काही वर्षांत तेच घर ९० हजारांचं ठरवलं, टॅक्स २२५०. घर तेच, खिडक्या त्याच, पेन्शन तेवढीच, आणि बिल दुपटीहून जास्त. आणि वर सरकारच्या तिजोरीत कोट्यवधी डॉलर शिल्लक पडलेले. म्हातारी माणसं घर विकायची वेळ आली म्हणून ओरडत होती. हॉवर्ड जार्व्हिस नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या, तोंडाने फटकळ माणसाने सह्या गोळा केल्या आणि ६ जून १९७८ ला प्रपोझिशन १३, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, सुमारे ६५ टक्के मतांनी पास झालं. टॅक्स १ टक्क्यावर बांधला, मूल्यांकन १९७५ च्या पातळीवर नेलं आणि घर विकेपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. याला मत देणारे सगळे काही विचारवंतांचे लेख वाचून आलेले नव्हते, बिल बघून आले होते. सरकार कमी करा ही गोष्ट इथे पहिल्यांदा किचन टेबलवर आली.

दुसरा चौकोन, फिलिस श्लाफ्ली. १९७२ मध्ये स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती, ईआरए, काँग्रेसमध्ये म्हणजे तिथल्या संसदेत दणक्यात पास झाली आणि ३८ राज्यांची मंजुरी हवी होती, सगळ्यांना वाटलं झालंच. श्लाफ्ली इलिनॉयमधली, सहा मुलांची आई, गोल्डवॉटरची जुनी कार्यकर्ती. तिने गृहिणींना जमवलं, या बायका आमदारांना घरी भाजलेले ब्रेड नेऊन द्यायच्या आणि सांगायच्या की ही दुरुस्ती आली तर तुमच्या मुलींना सैन्यात भरती व्हावं लागेल, बायकोला पोसायची नवऱ्याची जबाबदारी संपेल. गाडी ३५ राज्यांवर अडकली, मुदत वाढवून १९८२ पर्यंत नेली तरी अडकलेलीच. तिचं म्हणणं पटो न पटो, संघटन कसं करावं हे शिकायचं असेल तर या बाईला टाळून जमणार नाही. बायकांनी घरी राहावं असं सांगत ती स्वतः देशभर फिरत होती हा टोमणा तेव्हापासून चालू आहे, आणि तिला त्याने काडीचा फरक पडला नाही.

तिसरा चौकोन, चर्च. सगळीकडे वाचायला मिळतं की १९७३ ला सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेडमध्ये गर्भपाताचा हक्क दिला आणि इव्हँजेलिकल चर्चवाले, म्हणजे बायबल कडकपणे मानणारे प्रोटेस्टंट, पेटून उठले. तारखा लावून बघा, जुळत नाहीत. आधी पेटले ते कॅथलिक. सदर्न बॅप्टिस्टांनी, म्हणजे इव्हँजेलिकलांतल्याच एका मोठ्या पंथाने, तर १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला परवानगी असावी असा ठराव केला होता. पाद्री जेरी फॉल्वेलची मॉरल मेजॉरिटी ही चर्चवाल्यांची राजकीय संघटना निघाली १९७९ ला. मधल्या सहा वर्षांत काय झालं? एक म्हणजे इन्कम टॅक्स खातं खासगी ख्रिश्चन शाळांच्या करसवलतीमागे लागलं, कारण त्यातल्या बऱ्याच शाळा काळ्या मुलांना दूर ठेवायला निघालेल्या, आणि ते भांडण बॉब जोन्स युनिव्हर्सिटीच्या केसमधून १९८३ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, युनिव्हर्सिटी हरली. एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, गर्भपाताचा राग खरा होता आणि वाढत गेला, पण क्रम बघितल्याशिवाय कारण लिहायचं नाही एवढं पाळा.

यानंतर कागदाच्या मागच्या बाजूला तीन रकाने करा: बाजार, धर्म-कुटुंब, कम्युनिझमविरोध. नॅशनल रिव्ह्यूमधल्या फ्रँक मायरने हे जोडकाम मांडलं होतं, त्याला फ्यूजनिझम म्हणतात, की स्वातंत्र्यवाले आणि परंपरावाले यांचं एकमेकांशी जमत नसलं तरी दोघांचा शत्रू एकच, मोठं सरकार, आणि बाहेर सोव्हिएत रशिया. कुठलंही भाषण घ्या, वाक्यं या रकान्यांत टाकत जा. आणि चौथा रकाना फिकट पेन्सिलीने काढा, वंश. इथे लोक सरळ बोलत नाहीत. ३ ऑगस्ट १९८० ला रेगन मिसिसिपीत नेशोबा काउंटीच्या जत्रेत बोलला, बरंचसं भाषण विनोद आणि महागाई, पण त्यात एकदा राज्यांच्या हक्कांवर आपला विश्वास आहे असंही म्हणाला, आणि राज्यांचे हक्क ही गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्यांची जुनी घोषणा. तिथून काही मैलांवर १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. त्याचे समर्थक म्हणतात, सत्ता राज्यांकडे द्या एवढाच अर्थ. विरोधक म्हणतात, जागा बघा ना जागा. दोन्ही फिकट पेन्सिलीने लिहा आणि शेजारी १९६४ चा नकाशा ठेवा.

आता कुठे १९८० चा नकाशा. ४८९ विरुद्ध ४९, डोळे दिपतात. पण रेगनला मतं किती तर ५०.७ टक्के, आणि अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, टेनेसी, आर्कान्सा या राज्यांत फरक दोन टक्क्यांच्याही आत. महागाई १३ टक्क्यांवर, इराणमध्ये ५२ अमेरिकन ओलीस, अशात प्रेसिडेंट कोणीही असता तरी अवघडच होतं. म्हणून जिंकला का आणि जिंकून काय केलं हे वेगळं लिहा. बाजारवाल्यांना भरपूर मिळालं, वरच्या टप्प्याचा इन्कम टॅक्स ७० टक्क्यांवरून आधी ५० आणि शेवटी २८. संपावर गेलेले ११ हजारांवर विमान वाहतूक कंट्रोलर ऑगस्ट १९८१ मध्ये घरी पाठवले. चर्चवाल्यांना मिळाली भाषणं, गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती काही आली नाही. सरकार लहान झालं म्हणाल तर कर्ज बघा, कितीतरी वाढलं. रकाने भरताना ही असमान वाटणी लगेच दिसते, आणि १९९१ ला सोव्हिएत युनियन मोडल्यावर तिसरा रकाना रिकामाच पडला. त्या जागी पॅट ब्यूकॅनन १९९२ मध्ये रिपब्लिकन उमेदवारी मागत व्यापार, बाहेरून येणारे लोक आणि संस्कृतीचं युद्ध घेऊन आला. तो हरला. हरलेल्यांकडे बघायचं म्हटलं होतं ना, २०१६ चा नकाशा वाचताना ब्यूकॅननचा कागद शेजारी ठेवून बघा.

नव्वदनंतरचं, म्हणजे लिंबॉचा कॉन्झर्व्हेटिव्ह रेडिओ शो, १९९४ ला रिपब्लिकन नेता गिंगरिचच्या हाऊसमधल्या ५४ जास्तीच्या जागा, फॉक्स न्यूज, टी पार्टी ही टॅक्सविरोधी चळवळ, हे सगळं याच रकान्यांत बसवता येतं, ते मी इथे करून देत नाही.

त्याऐवजी सरावाला दोन ठिकाणं घ्या. वेस्ट व्हर्जिनिया, कोळशाच्या खाणींचं राज्य, रेगनच्या लाटेतही कार्टरबरोबर राहिलेलं, आणि २०१६ ला तिथे ट्रंपला ६८ टक्के. दुसरं कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी, गोल्डवॉटर आणि रेगनचा बालेकिल्ला, विमान कारखाने आणि नव्या कॉलन्यांचा भाग, तिने २०१६ ला हिलरी क्लिंटनला मत दिलं, १९३६ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटला. दोन्हींसाठी चारही रकाने वेगवेगळे भरा, पेन्सिलीनेच, आणि कुठला रकाना कुठल्या वर्षी कोरा पडला ते वर्ष गोल करून ठेवा.